प्रकल्प-प्रस्ताव लेखन प्रशिक्षण

विकाससाहाय्य मागणाऱ्या संस्थांना प्रकल्पाची आखणी व तिची लेखी मांडणी शिकविणारे प्रशिक्षण. त्याचा पाया १९६९ मध्ये अमेरिकेच्या ‘यूएसएड’ या विकाससाहाय्य संस्थेसाठी तयार झालेल्या तार्किक चौकटीत आहे. १९८० च्या दशकात जर्मनीच्या ‘जीटीझेड’ या तांत्रिक सहकार्य संस्थेने तिला सहभागी कार्यशाळांची जोड दिली (पहा : झॉप पद्धती), १९९२ मध्ये युरोपीय आयोगाने ती प्रकल्पचक्र व्यवस्थापनात स्वीकारली.

प्रशिक्षणार्थी प्रथम समस्यावृक्ष काढतात : मध्यभागी मुख्य समस्या, खाली कारणे, वर परिणाम. हीच विधाने साध्य झालेल्या स्थितीच्या रूपात लिहिली की उद्दिष्टवृक्ष होतो. त्यावरून उद्दिष्टक्रम, निर्देशक, पडताळणीची साधने व गृहीतके असा चार स्तंभांचा तक्ता, म्हणजेच तार्किक चौकट, भरतात. यांपैकी गृहीतके सर्वांत अवघड. कारण पाऊस, बाजारभाव, शासकीय धोरण अशा संस्थेच्या हाताबाहेरील बाबी तेथे उघडपणे नोंदवाव्या लागतात. अंदाजपत्रक शेवटी येते; त्यात कायद्याच्या मर्यादा पाळाव्या लागतात. भारतात परदेशी निधीतून प्रशासकीय खर्च २०२० च्या दुरुस्तीनुसार २० टक्क्यांपर्यंतच करता येतो (पहा : परकीय अंशदान विनियमन कायदा).

या प्रशिक्षणामुळे लहान संस्थांना निधीदात्यांची परिभाषा अवगत होते. मात्र ठरीव तक्त्यात स्थानिक गुंतागुंत मावत नाही, हा त्यावरील प्रमुख व रास्त आक्षेप आहे (पहा : सहभागी ग्रामीण समीक्षा).