सातशे गोष्टी, दोन-दोन ओळींच्या

आमच्या देऊळगाव राजात इतिहास म्हटला की तो राजे जाधवांचा. शाळेची सहल निघायची ती शेजारच्या सिंदखेड राजाला, जिजाऊंच्या जन्मस्थानी. बालाजीची आश्विनातली यात्रा, तिचा लाटा मंडप, हेही सगळं जाधव घराण्याच्या आठवणीशी जोडलेलं. १६२९ साली देवगिरीवर लखुजीरावांचा दगा देऊन खून झाला, हे आम्हा पोरांना पाठ होतं. या मुलखातल्या साध्या माणसांनी प्रेम कसं केलं असेल, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नसे. मीही विचारला नव्हता.

कॉलेजात असताना दिवाळीच्या सुट्टीत एक जाडजूड पुस्तक घरी आणलं. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली संपादित केलेली ‘गाथासप्तशती’. आजीनं नाव विचारलं, मी सांगितलं. ‘सप्तशती’ ऐकल्यावर तिला ती देवीचीच वाटली. "हात धुतले का रे? मंग हात लाव पोथीले," म्हणाली. मी निमूट हात धुऊन आलो. आत काय आहे ते तिला सांगायची माझी काही छाती झाली नाही!

आत होत्या प्रेमाच्या गोष्टी. सातशे. महाराष्ट्री प्राकृतातल्या, प्रत्येक गोष्ट दोन ओळींची. सातवाहन राजा हाल यानं कोटभर गाथांमधून या सातशे निवडल्या, असं ग्रंथाच्या सुरुवातीलाच म्हटलंय. कोटीचा आकडा सोडून द्या, पण निवड करणारा माणूस रसिक होता यात शंका नाही. पुराणांतल्या यादीत हाल सतरावा सातवाहन राजा, म्हणजे साधारण इसवी सनाचं पहिलं शतक. ग्रंथात पुढच्या काही शतकांची भर पडत गेली असं अभ्यासक मानतात. सातव्या शतकात बाणभट्टानं ‘हर्षचरिता’त सातवाहनाच्या या कोशाचा गौरवानं उल्लेख केला. आल्ब्रेख्त वेबर या जर्मन पंडितानं १८८१ साली तो लाइपझिगला छापला, तेव्हा वेगवेगळ्या पोथ्यांमधून ९६४ गाथा गोळा झाल्या. सगळ्या पोथ्यांत सारख्या सापडल्या त्या फक्त ४३०.

एकाच कवीचा संग्रह वाचताना थोड्या वेळानं त्याचा सूर ओळखीचा होतो. इथं तसं होत नाही. एका पानावर वाटसरू, दुसऱ्यावर सासू, तिसऱ्यावर निरोप घेऊन जाणारी मैत्रीण. पाणपोईवरची ती गाथा घ्या. वाटसरू ओंजळीनं पाणी पितोय, पण बोटं मुद्दाम सैल ठेवतो. पाणी गळून जातं आणि तिच्याकडे बघायला जास्त वेळ मिळतो. ती काय करते? धार आणखी बारीक करते. संपली गोष्ट. पुढचं आपण आपलं समजून घ्यायचं.

दुसरी तर थेट आमच्या शिवारातली वाटावी अशी. कपाशीच्या शेतात पहिली नांगरट आहे, नांगराची पूजा चालली आहे आणि पूजा करणाऱ्या बाईचे हात थरथरताहेत. भक्तीनं नव्हे हो! कपाशी वाढली की याच शेतात तिला कुणाला तरी भेटायचंय. उभ्या कपाशीत माणूस कसा दिसेनासा होतो हे बुलढाण्यातल्या माणसाला सांगायला नको. या गाथांमध्ये गोदावरी पुन्हा पुन्हा येते, तिथं तिचं नाव गोला. आमच्या तालुक्यातली खडकपूर्णाही शेवटी पूर्णा म्हणून गोदावरीलाच मिळते. पुस्तक परकं वाटेना ते त्यामुळंच.

अर्थात, खेड्यातलं चित्र आहे म्हणून ते खेडुतांनीच लिहिलं असं नाही. दरबारी, कसलेल्या कवींनी खेडुतांचा आवाज घेतला, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे आणि ते मला पटतं. टीकाकारांनी कवींची नावं दिलीत, पण पोथीपोथीत ती बदलतात. तरीही त्यांत रेवा, रोहा, माधवी, अनुलक्ष्मी, शशिप्रभा अशी बायकांची नावं आहेत. त्या कोण, कुठल्या, काही कळत नाही. नाव आणि दोन ओळी, एवढ्यावर त्या आजपर्यंत टिकल्या. कुणीतरी उतरून घेतलं म्हणून.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मराठीचं जुनेपण सांगताना याच ग्रंथाचा दाखला दिला जातो. आनंदच आहे. पण त्या दिवशी मला आठवली ती आजी.

त्याच सुट्टीत एका संध्याकाळी धीर करून मी तिला एक गाथा सांगितली होती, जरा सोज्वळशी. नवरा परगावी गेलाय. बायको ‘आज गेला, आज गेला’ म्हणत भिंतीवर रेघा ओढते आणि पहिल्याच दिवशी, अर्धा दिवस सरायच्या आत भिंत भरून जाते. आजोबा कपाशीच्या हंगामात खामगावला जिनिंगवर जात, महिनोन्‌महिने येत नसत. आजी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आमच्या भिंती दर आठ दिवसाले सारवा लागे. रेघ राहिली असती तवा ना!"

आणि हसली. मग पुन्हा तांदूळ.

मी पुढं काही विचारलं नाही. जात्यावर दळताना ती ओव्या म्हणायची, त्यातली एकही मी लिहून ठेवली नाही. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, म्हणणाऱ्या बायांच्या नावागावासकट. ते काम मला कळलं तेव्हा आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती.

ते पुस्तक आजही मी अधूनमधून काढतो. कुठलंही पान उघडायचं, दोन-तीन गाथा वाचायच्या आणि मिटायचं. सलग वाचायचं हे पुस्तकच नव्हे. भिंतीवरच्या रेघांची गाथा आली की मात्र थांबतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाईच्या रेघा राहिल्या. आमच्या घरच्या सारवल्या गेल्या.

तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर आज जरा वही घेऊन बसा त्यांच्याजवळ. आधी हात धुवायला विसरू नका, एवढंच.