उघड प्रसिद्धीचा आद्य पुरस्कर्ता

व्यापारी संस्थांच्या जनसंपर्क-खात्यांचा उगम पाहूं गेल्यास आयव्ही ली या अमेरिकन गृहस्थाचें नांव टाळतां येत नाहीं. ली मूळचा बातमीदार. १९०६ सालीं कोळशाच्या खाणमालकांनीं त्यास पदरीं ठेविलें, तेव्हां त्यानें संपादकांस निवेदन धाडलें: आमचें कार्य उघड चालेल, मजकूर कोणाच्या वतीनें आहे तें आम्ही सांगूं, आणि तो पडताळूं इच्छिणारास साह्य करूं. धनिकांची प्रसिद्धी तोंवर पडद्याआड चाले. तेव्हां हें धाडसच होतें.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत ॲटलांटिक सिटीनजीक आगगाडी पुलावरून पाण्यांत कोसळून पन्नासांवर माणसें दगावलीं. लीनें पेनसिल्व्हेनिया रेल्वेतर्फें दिलेली हकीकत 'न्यूयॉर्क टाइम्स'नें जशीच्या तशी छापली. अर्थात् येथें खरें सांगण्यांत कंपनीचेंच हित होतें!

कसोटी लागली ती १९१४ सालीं. कोलोरॅडोंतील लडलो येथें रॉकफेलर कुटुंबाच्या खाणींतील संपकऱ्यांची तंबूंची वसाहत सैनिकांच्या हल्ल्यांत जळाली. एका तंबूखालच्या खड्ड्यांत दोन स्त्रिया व अकरा मुलें गुदमरून मेलीं. मालकांची बाजू मांडण्यास लीला पाचारण झालें. पत्रकें निघालीं तीं खाणचालकांच्या नांवानें. लीचें नांव त्यांवर नव्हतें. संपाच्या पुढाऱ्यांचें वर्षभराचें वेतन त्यांत नऊ आठवड्यांचें म्हणून दाखविलें होतें. १९१५ सालीं सरकारी चौकशीपुढें लीला सांगावें लागलें कीं, मालकांकडून आलेली माहिती आपण पडताळलीच नव्हती. अमेरिकेंत विषारी आयव्ही नांवाची एक वेल आढळते. कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर यांनीं लीस तेंच नांव दिलें, आणि तें त्यास कायमचें चिकटलें.