बीडची रेल्वे : तीस वर्षं आणि एक फेरी

गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो : ताई, रेल्वे आली म्हणतात, मग तिनं आपण कुठं जायचं? उत्तर द्यायचं तर गोष्ट जरा मागून सांगावी लागते.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा रेल्वे मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी अशी गेली. पुढं परळीलाही स्टेशन झालं. म्हणजे बीड जिल्ह्यात रेल्वे अजिबात नव्हती असं नाही, पण ती एका कोपऱ्यात. बीड शहर, रायमोहा, कडा, आष्टी हा सगळा पट्टा एसटीच्या आणि वडापच्या भरवशावर राहिला. ऊसतोडीला जाणारे कोयते तर ट्रक-ट्रॅक्टरमध्ये चूल-बिऱ्हाडासकट बसून गेले, अजून जातात.

अहमदनगर ते परळी, बीडमार्गे, या २६१ किलोमीटरच्या मार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली. तेव्हा बीडच्या खासदार एक बाई होत्या, केशरबाई क्षीरसागर, आपल्या केशरकाकू. पुढं गोपीनाथ मुंडे यांनीही हा प्रश्न लावून धरला. सुरुवातीचा अंदाज होता साधारण ३५३ कोटींचा. पण जमिनी ताब्यात यायला वेळ लागला, दरवर्षीचा पैसाही थोडाथोडाच सुटला. शेवटी निम्मा खर्च राज्य सरकारनं उचलायचं ठरलं, आणि अंदाज गेला ४८०० कोटींच्या वर. घर बांधायला काढून दरवर्षी एकेक भिंत उभी केली की काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

२३ सप्टेंबर २०२२ ला पहिली प्रवासी गाडी सुरू झाली, नगर ते न्यू आष्टी, ६६ किलोमीटर. ही डेमू गाडी. तिला वेगळं इंजिन जोडत नाहीत. डिझेलचं इंजिन टोकाच्या डब्यातच असतं, ते वीज तयार करतं आणि त्या विजेवरच्या मोटारी चाकं फिरवतात. चालकाची खोली दोन्ही टोकांना, म्हणून शेवटच्या स्टेशनात इंजिन फिरवून लावायची कटकट नाही. छोट्या मार्गाला सोयीची गाडी. पण डबे बरेचसे रिकामे धावत असल्याच्या बातम्या आल्या. आणि १६ ऑक्टोबर २०२३ ला आष्टीहून नगरला येताना याच गाडीला आग लागून पाच डबे जळाले. प्रवासी वेळेत उतरले, कुणाला इजा झाली नाही. एवढं नशीब.

मग १७ सप्टेंबर २०२५, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवशी बीडहून नगरकडे गाडी सुटली. नगरचं नाव तोवर अहिल्यानगर झालं होतं. स्टेशनवर केवढी गर्दी! म्हाताऱ्या माणसांनी रुळांना हात लावून पाहिले असतील, तर मला नवल वाटत नाही. तीस वर्षं थोडी नव्हेत.

आता आपल्या कामाचं. सुरुवातीचं वेळापत्रक असं होतं : रविवार सोडून रोज एक फेरी. सकाळी सातच्या आत अहिल्यानगरहून निघायची, दुपारी साडेबाराला बीडला. थोड्या वेळानं तीच गाडी परत. अंतर १६६ किलोमीटर, वेळ साडेपाच तास. आता बघा, बीडच्या बाईला नगरच्या दवाखान्यात जायचं, तर ती पोचणार संध्याकाळी. ओपीडी बंद. मुक्काम करायचा, आणि परतीची गाडी तर सकाळी ओपीडी उघडण्याआधीच सुटते. म्हणजे दोन मुक्काम, नाहीतर येताना एसटी. पापड-मसाला विकायला न्यायचा तरी हेच. तिकीट एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त, पण मुक्कामाचा खर्च धरला तर ते स्वस्त कसं? शिवाय जाणारी आणि येणारी गाडी एकच असली, की सकाळचा उशीर दुपारच्या माथी बसतो.

माझं मत विचाराल तर आपली पहिली मागणी वेगाची नको. बीडहून पहाटे सुटणारी आणि रात्री परत आणणारी एक फेरी हवी, रोज, न चुकता. हा ठराव ग्रामसंघात घेता येतो, आणि खासदारांकडे व रेल्वेच्या विभागीय कार्यालयाकडे पाठवता येतो. मात्र वेळा बदलत असतात. म्हणून पुढच्या बैठकीला येताना स्टेशनजवळच्या गटातल्या कुणीतरी तिथं लावलेल्या वेळा वहीत उतरवून आणा.