गायक परततो तेव्हा

विश्वामित्रीच्या पश्चिम काठावरच्या अकोट्याचं धातूशी नातं जुनं आहे; पाचव्या शतकापासून पुढच्या जैन कांस्यमूर्ती इथल्याच मातीतून निघाल्या. आज मात्र बडोदेकर अकोट्याला जातात ते सर सयाजीराव नगरगृहात, नाटकाला नाहीतर गाण्याला. ज्या महाराजांचं नाव त्या नाट्यगृहावर आहे त्यांच्या पदरच्या एका गवयाची हकिकत हेवी मेटलवाल्यांच्या एका आवडत्या वादात उपयोगी पडते, असं माझं म्हणणं आहे. वाद असा की बँड सोडून गेलेला गायक परत येऊन नवा अल्बम निघतो, तेव्हा त्यात काही नवं घडतं, की जुन्या नावावर तिकिटं खपवली जातात?

आयर्न मेडनचा ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (2000) हे या वादातलं ठरलेलं उदाहरण. ब्रूस डिकिन्सन 1993 मध्ये बाहेर पडला, त्याच्या जागी ब्लेझ बेली दोन अल्बम गायला आणि 1999 मध्ये डिकिन्सन परतला. सोबत गिटारवादक एड्रियन स्मिथही आला. त्याच्या जागी घेतलेल्या जॅनिक गर्सला मात्र कोणी घालवलं नाही. बँडमध्ये तीन गिटार झाल्या आणि गाण्यांची वीणच बदलली. शिवाय मधल्या काळात डिकिन्सन आणि स्मिथ यांनी मिळून 1997 आणि 1998 मध्ये दोन अल्बम केले होते, म्हणजे ते रिकाम्या हातांनी आले नव्हते. पुढे मैफलींत डिकिन्सन बेलीच्या काळातली गाणीही गायला. परतणाऱ्याने आपल्या गैरहजेरीतला काळ पुसून टाकला नाही, उलट तो गळ्यात घेतला. परतीचा अल्बम तोलायचा तो आवाज तोच आहे का यावर नव्हे. मधल्या वर्षांचं त्यात काय उतरलं, यावर.

बडोद्याचे मौलाबक्ष हे या कसोटीचं सगळ्यात भक्कम उदाहरण. म्हैसूर दरबारात मान मिळवून आणि कर्नाटक संगीत शिकून ते खंडेराव महाराजांच्या काळात बडोद्यात आले. मानपानावरून बिनसलं आणि ते निघून गेले. हैदराबाद झालं, कलकत्ता झालं. कलकत्त्यात शौरींद्रमोहन टागोरांनी 1871 मध्येच संगीतशाळा काढली होती आणि स्वरलिपी कशी असावी यावर तिथे हिरिरीने खल चालू होता. मौलाबक्ष बडोद्याला परतले आणि 1886 मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने इथे गायनशाळा उघडली. तिथे त्यांची स्वतःची स्वरलिपी शिकवली जाऊ लागली. गेला होता तो दरबारी गवई, आला तो शाळा चालवणारा माणूस. सूरसागराकाठची ती शाळा आज विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे. ते कधी बडोदं सोडूनच गेले नसते तर ती निघाली असती का? मला तरी शंका आहे.

यावर कोणी म्हणेल की पगारी दरबारी गवई कुठे आणि पाच-सहा जणांचा बँड कुठे. खरं आहे. पण स्टुडिओतलं उदाहरणही बडोद्याच्याच हकिकतीत सापडतं. अब्दुल करीम खाँ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताराबाई माने यांच्यासह बडोद्यातून निघून गेले आणि दरबारात परतले नाहीत. परतले ते ध्वनिमुद्रणाकडे. 1905 च्या सुमारास ग्रामोफोन कंपनीसाठी ते गायले होते. नंतर जवळजवळ तीन दशकांनी ओडियनसाठी पुन्हा गायले. तबकडीची मर्यादा तीच, तीन-साडेतीन मिनिटं. पण दरम्यान मिरज आणि पुण्यातली वर्षं, 1913 ची आर्य संगीत विद्यालयाची खटपट आणि दक्षिणेच्या फेऱ्या झाल्या होत्या. म्हणून या दुसऱ्या खेपेत त्यागराजांची कृतीसुद्धा आहे. किराण्याचा गवई ती गातो, तीही अगदी सहज. आज आपण करीम खाँ म्हणून जे ऐकतो ते बहुतेक या दुसऱ्या खेपेचं.

दुसरा आक्षेप पैशाचा. बेलीच्या काळात मेडनची विक्री घसरली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. दरबारालाही नामवंत गवई हवे असत ते काही निव्वळ रसिकतेपोटी नव्हे. पण पैशामुळे बोलावणं का आलं एवढंच कळतं. आलेला माणूस काय गायला ते त्यातून कळत नाही. मुंबईच्या इंडस क्रीडचंच पाहा. 1984 मध्ये रॉक मशीन म्हणून सुरू झालेला हा हार्ड रॉक बँड 1997 मध्ये फुटला. गायक उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेला, तिथे त्याने वेगळा बँड केला. 2010 मध्ये मंडळी पुन्हा जमली, बेस आणि ड्रमवर नवी माणसं घेतली आणि 2012 मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ काढला. जुन्या चाहत्यांना खूश करायचं असतं तर नव्वदीतली गाणी पुन्हा वाजवून भागलं असतं. त्यांनी आधीपेक्षा लांब, गुंतागुंतीची नवी गाणी केली. अर्थात, प्रत्येक परतणारा या कसोटीला उतरतोच असं नाही. नुसती जुनी गाणी घेऊन दौऱ्यावर निघणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्याबद्दल तिकिटं खपवल्याचा आरोप मला मान्य आहे.