नाडीचे ठोके आणि मागांचा खडखडाट

🧵 माणसे एकत्र काम करतात तेव्हा त्यांच्या शरीराची मोजमापे नेमके काय सांगतात? शिकागो, गिरणगाव आणि नवी मुंबई यांना जोडणारा इतिहास.

१/ एप्रिल १९२७. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात टेलिफोनचे रिले जुळवणाऱ्या पाच तरुणींना वेगळ्या खोलीत बसवण्यात आले. सहावी त्यांना सुटे भाग पुरवी. विश्रांती आणि कामाचे तास बदलल्यास उत्पादन कसे बदलते, हे कंपनीला पाहायचे होते.

२/ १९२८ मध्ये हार्वर्डचे एल्टन मेयो या प्रयोगाशी जोडले गेले. थकवा रक्ताभिसरणात उमटतो, या धारणेने कामगारांची नाडी व रक्तदाब मोजण्यात आला.

३/ निष्कर्ष अनपेक्षित होता. त्या तरुणी आपल्या शारीरिक क्षमतेच्या आतच काम करत होत्या. विश्रांती काढून घेतल्यावरही एकूण उत्पादन वाढले. उत्तर शरीरात नसून गटातील नात्यांत आहे, असे मेयोंनी मांडले.

४/ पण पुढील टीकाकारांनी दोन गोष्टींवर बोट ठेवले. जानेवारी १९२८ मध्ये पाचपैकी दोघींना बदलण्यात आले होते; आणि मजुरी आता या छोट्या गटाच्याच उत्पादनावर ठरत होती. नाडीच्या नोंदींत यातले काहीही दिसणार नव्हते.

५/ त्याच १९२८ साली मुंबईचे गिरणगाव पेटले होते. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, सूत कातणाऱ्याने यंत्राची एकाऐवजी दोन बाजू पाहाव्यात, अशी 'कार्यक्षमता' योजना काही गिरण्यांत आली. मजुरीतील कपात आणि बेकारीचे भय यांची त्यात भर पडली. सुमारे दीड लाख कामगार एप्रिल ते ऑक्टोबर संपावर राहिले. याच संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली.

६/ संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीने १९२९ मध्ये कार्यक्षमता योजना तत्त्वतः मान्य केली. मात्र प्रश्न उरलाच : तिसरा माग सांभाळण्याची क्षमता कोण ठरवणार? मालकाचा हिशेब, डॉक्टरचे यंत्र की मागाशी उभा असलेला माणूस?

७/ स्वातंत्र्यानंतर मोजमापाला सरकारी घर मिळाले. केंद्रीय श्रम संस्थेचे काम १९५९ मध्ये मुंबईत सुरू झाले. १९६६ मध्ये ती शीव येथील वास्तूत गेली. तिथे औद्योगिक शरीरक्रियाशास्त्राचा विभाग आहे. आता मोजमाप कामगाराच्या आरोग्याची ढालही होऊ शकत होते.

८/ २०११ मध्ये स्पेनच्या सान पेद्रो मान्रिके गावातील अभ्यास प्रसिद्ध झाला. निखाऱ्यांवरून चालणाऱ्याच्या हृदयाची लय पाहणाऱ्या आप्तांच्या लयीशी जुळत होती. परक्या प्रेक्षकांशी नाही. ठोके नाते दाखवू शकतात; ते नाते कसे घडले, हे मात्र माणसांनाच विचारावे लागते.

९/ शीवहून पनवेलकडे जाणारा महामार्ग खाडी ओलांडतो आणि नवी मुंबई लागते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखान्यांशेजारी आज संगणक कंपन्यांच्या इमारती आहेत. हॉथॉर्नमध्ये ज्यासाठी वेगळी खोली लागली, ते आज मनगटावरचे घड्याळ करते.

१०/ म्हणून १९२८ चा प्रश्न जुना झालेला नाही. मोजलेला ठोका कोणाच्या वहीत जातो, आणि त्यावरून विश्रांती वाढते की तिसरा माग मिळतो, यावर त्या मोजमापाचा अर्थ ठरतो.