इंजिनावरचे आकडे: २८९, ३०२, ३५१ आले कुठून?

मंडळी, उन्हाळ्यात ओंटारिओत जुन्या गाड्यांचे मेळावे भरतात. तिथे गाड्यांवर ३०२, ३५१, ३९६ असे आकडे दिसतात. हे इंजिनाचे घन इंच. साधारण ६१ घन इंच म्हणजे १ लिटर, म्हणजे ३०२ हे जवळपास ५ लिटरचे इंजिन. पण असे अडनिडे आकडे का?

पहिले कारण कारखान्यातले. नव्या ब्लॉकचे साचे आणि यंत्रसामग्री महाग, त्यामुळे आहे त्यातूनच वाढवायचे. फोर्डने १९६२ च्या फेअरलेनमध्ये २२१ चे व्ही-८ दिले. स्ट्रोक २.८७ इंच तसाच ठेवून बोअर ३.५ चा ३.८ केला, झाले २६०. ४.० केला, झाले २८९. मग बोअर तोच ठेवून १९६८ साली स्ट्रोक ३.० केला, ते ३०२. १९६९ मध्ये ब्लॉक उंच करून स्ट्रोक ३.५ केला, ते ३५१. हे आपल्या ओंटारिओतल्या विंडसरच्या कारखान्यात बनले, म्हणून '३५१ विंडसर'. (पडताळून पाहा: बोअरचा वर्ग × ०.७८५४ × स्ट्रोक × ८.)

दुसरे कारण शर्यती. ट्रान्स-ॲम मालिकेत ३०५ ची मर्यादा होती. शेव्हरलेने ३२७ चा बोअर आणि २८३ चा स्ट्रोक जमवून १९६७ च्या कॅमारो झेड/२८ साठी ३०२ काढले. नॅसकारची मर्यादा ७ लिटर, म्हणून फोर्डचे ४२७ आणि क्रायस्लरचे ४२६.

तिसरे, चक्क साहेबांचा हुकूम! मध्यम आकाराच्या गाडीत ४०० च्या वर जायचे नाही, असे जनरल मोटर्सचे धोरण होते. म्हणून शेव्हेलला आणि खास कॅनडासाठीच्या बोमाँला ३९६ मिळाले. १९७० साली बंधन उठले, शेव्हेलमध्ये ४५४ आले. गंमत म्हणजे त्याच वर्षी ३९६ प्रत्यक्षात ४०२ झाले होते, पण बिल्ला ३९६ चाच!

तेव्हा अशी गाडी घ्यायची असेल तर बिल्ल्यावर विसंबू नका. १९७० पासून क्लीव्हलंडचेही ३५१ निघाले. बोअर-स्ट्रोक तेच, पण इनटेक मॅनिफोल्ड एकमेकांना बसत नाही. १९७० च्या मस्टँगमध्ये टू-बॅरल ३५१ ला दोन्हीकडे 'एच' हेच अक्षर, त्यामुळे गाडीच्या नंबरावरूनही उलगडा होत नाही. बॉनेट उघडून रेडिएटरचा वरचा होज पाहा. इनटेक मॅनिफोल्डमधून निघत असेल तर विंडसर, थेट ब्लॉकमधून निघत असेल तर क्लीव्हलंड.