तेरची चौकट आणि तुळजाभवानीचा पलंग



दगड टिकतो, लाकूड झिजते. म्हणूनच पाथरवटांचा इतिहास लेण्यांतून उभा राहिला आणि सुतारांचा पुष्कळसा वाळवीने खाल्ला. तथापि आपल्या धाराशिव जिल्ह्यात त्याच्या दोन ठळक खुणा आहेत.

पहिली तेरची. इसवी सनाच्या 1 ल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारवृत्तांतात ज्या तगर नगरीचा माल गाड्यांतून भडोच बंदरी जात असल्याचे लिहिले आहे, तीच ही नगरी. त्या गाड्या घडविणाऱ्यांचे काहीच उरले नाही. परंतु उत्तरेश्वर मंदिराची प्राचीन कोरीव लाकडी चौकट तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळते.

दुसरी खूण तुळजापूरची. विजयादशमीस सीमोल्लंघन करून श्रमलेली आई भवानी कोजागरीपर्यंत पलंगावर निद्रा घेते. हा पलंग पुणे जिल्ह्यातील घोडेगावी घडतो आणि नगरमार्गे भक्तांच्या खांद्यावरून पायी येतो. तो दरवर्षी नवा असतो.

चौकट संग्रहालय सांभाळील. पण सालीत कुसू घट्ट बसविणारा, रंध्याने फळी आरशासारखी करणारा, तीवर लाखेच्या पॉलिशचे पातळ थर धीराने चढविणारा हात कोण सांभाळणार? तो बापाकडून मुलाकडे गेला, तरच राहतो. आज तयार सामान बाजारातून येते आणि मुलांच्या हाती पटाशी दिसत नाही, याची आम्हांस खंत वाटते. जुना पलंग गेला तरी नवा घडतो. घडविणारा गेला, तर आईने कशावर विसावावे?